नेमाला साक्षी हवा

(चातुर्मासात परळ येथे झालेले कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून. पदे आणि नामगजर गाळले आहेत.)



सज्जनहो, आषाढी झाली आणि चातुर्मास लागला. आता कार्तिकीपर्यंत चार महिने आपल्या प्रत्येक घरात काही ना काही नेम आहे. कोणी कांदा-लसूण सोडला, कोणी वांगे सोडले, कोणी एकभुक्त राहतो, कोणी रोज विष्णुसहस्रनाम म्हणतो. सोडण्यापूर्वी कांदेनवमीला आपण भजी किती खाल्ली, तो हिशेब तेवढा कोणी विचारू नये!

परवा कीर्तन संपल्यावर एक बाई नमस्काराला आल्या. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, “बुवा, मी यंदा वेगळाच नेम धरलाय. रोज अर्धा तास चालायचं आणि रात्री आठनंतर तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. असला नेम देवाला चालतो का हो?” मागे दोघे-तिघे होते, ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज निरूपणाला तोच घेतला आहे. आणि हे पुढे छापून तुमच्या हातात येईल, तेव्हा घरी बसून वाचणारे जे तुम्ही, त्या तुम्हालाही तोच विचारतो आहे.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा. भगवंत अर्जुनाला आसन कसे घालावे ते सांगतात, दृष्टी कुठे ठेवावी ते सांगतात, आणि एवढ्या उंच विषयात मध्येच जेवणाची गोष्ट काढतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही. जो खातच नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, जो जागतच बसतो त्यालाही नाही. तिथे ‘युक्ताहार’ हा शब्द आला आहे. ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीत यावर बोलताना सगळी मापाची भाषा केली. अन्न घ्यावे ते मापाने, बोलावे मोजके, पावलेसुद्धा मोजकी टाकावीत, झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. हल्ली तरुण मंडळींच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते. त्यांना वाटते, पावले मोजणे हा आमचाच शोध! माउलींच्या मनातले मोजणे निराळे, ते कमीजास्त होऊ न देण्याचे. पण शरीराचा हिशेब ठेवणे हे परमार्थाच्या बाहेरचे काम आहे असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही. तेव्हा त्या बाईंचा नेम देवाला चालतो. चालण्याचा आहे, न चालून कसे होईल!

पण खरी गोम पुढेच आहे. वांगे सोडण्याचा नेम चार महिने टिकतो, आणि चालण्याचा नेम आठ दिवसांत मोडतो. माणूस तोच, मनही तेच. मग हे असे का होते? नीट विचार करा. तुम्ही वांगे सोडलेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंना माहीत, सुनेला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत. कोणाच्या घरी जेवायला गेलात, ताटात भरीत पडणार तेवढ्यात पाच जण ओरडतात, “अहो, त्यांना नका वाढू, त्यांचा चातुर्मास आहे!” त्या नेमाला पाच राखणदार आहेत. आणि चालण्याचा नेम? तो आपण कोणालाच सांगत नाही. का, तर मोडला म्हणजे लोक हसतील. उशीत तोंड खुपसून आपणच आपल्याला सांगतो, “उद्यापासून.” सकाळी आपणच आपल्याला माफ करतो. फिर्यादी आपण, आरोपी आपण, न्यायाधीशही आपण. असा खटला कधी उभा राहिला आहे काय?

आपल्या धर्मात संकल्प मनातल्या मनात सोडत नाहीत. हातात पाणी घेतात, तिथी म्हणतात, वार म्हणतात, आपले नाव-गोत्र उच्चारतात, आणि देव-ब्राह्मण-अग्नी यांच्या समोर मोठ्याने सांगतात की अमुक मी, अमुक दिवशी, अमुक काम करणार. लग्न लागते तेव्हा अग्नी साक्षीला असतो. तिथे घरचे दोनशे लोकही बसलेले असतात, ते काही फक्त जेवायला आलेले नसतात. (काही असतात.) साक्षी ठेवायचा ही आपली जुनीच रीत आहे.

आता चित्रगुप्ताचे पाहा. त्याच्याबद्दल आपण उगाच भीती बाळगतो. तो काय करतो? लिहितो. रागावत नाही, टोमणे मारत नाही, “मला वाटलंच होतं” असे म्हणत नाही. झाले तर झाले लिहितो, नाही झाले तर नाही झाले लिहितो. शिक्षा देणे हे त्याचे खातेच नाही. साक्षी असावा तर असा. घरोघरचे साक्षी बिघडतात ते इथे. नवऱ्याने चालायला सुरुवात केली की बायको चौथ्या दिवशी म्हणते, “आज नाही गेलात वाटतं? संपलं का?” बायकोने जिलेबी नको म्हटले की नवरा म्हणतो, “खा गं, एका जिलेबीने काय होतंय!” एक टोचतो, एक भुलवतो. दोघांचाही साक्षीदार म्हणून उपयोग नाही.

एकादशीबद्दलही थोडे बोलू, कारण इथे साक्षी पुष्कळ आहेत आणि माप मुळीच नाही. एकादशी नि दुप्पट खाशी, ही म्हण काही परदेशातून आलेली नाही. साबुदाणा म्हणजे नुसते पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, वर तूप, शेजारी बटाट्याचा कीस, नंतर शेंगदाण्याचा लाडू. एवढे खाऊन दुपारी झोप. उपवास या शब्दाचा अर्थ जवळ वसणे, देवाच्या जवळ. साबुदाण्याच्या जवळ नव्हे. आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी निर्जळी वगैरे करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरली तर माणूस देवळाच्या पायरीवर कोसळतो. विठोबाला ते आवडेल असे मला वाटत नाही.

आपण आज परळमध्ये बसलो आहोत, म्हणून या भागाचे दोन शब्द. तुमच्यातल्या पुष्कळांचे वडील, आजोबा गिरणीत होते. त्या माणसांना वजन उतरवण्याचा नेम कधी करावा लागला नाही. आठ-आठ तास साच्यावर उभे राहायचे. खोली तिसऱ्या मजल्यावर, दिवसातून चार वेळा जिना. आणि उठवायला गिरणीचा भोंगा. भोंगा वाजला की आख्खी चाळ जागी, मग एकटा कोण झोपून राहणार? एखादा दिसला नाही तर गॅलरीतून कोणीतरी विचारायचेच, “काय रे, आज पाळी नाही?” १९८२ सालचा संप झाला, भोंगे बंद पडले. आज त्याच गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती आहेत आणि त्या कामगारांची नातवंडे तिथे दिवसभर खुर्चीवर बसतात. चाळीच्या जागी टॉवर आला, जिन्याच्या जागी लिफ्ट आली, दारे बंद झाली. सुख आले, ते यावेच; खोलीत दहा माणसे राहण्यात काही पुण्य नव्हते. पण “आज दिसला नाहीस” असे विचारणारा गेला. गिरगावात तेच, दादरला तेच. पूर्वी साक्षी आपोआप मिळत होता, आता तो शोधून आणावा लागतो.

तालमीच्या दारात मारुती असतो, तो का? आधी त्याला नमस्कार, मग जोर-बैठका. शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर आहे, मल्लखांबासाठी त्याचे नाव आहे. तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पोर जागेवर आले की नाही हे पाहणारे कोणीतरी तिथे रोज उभे असते. त्याच मैदानाभोवती पहाटे चालणाऱ्यांची रांग बघा. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. एकटे चालणारे बदलत राहतात. चौघे-पाच जण मिळून गप्पा मारत चालणारे मात्र वर्षानुवर्षे तेच दिसतात.

आणि वारीसारखी शिस्त कुठे आहे? आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढे सत्तावीस, बाकीच्या रथामागे. कोणी कुठे चालायचे हे ठरलेले. मुक्कामाच्या तळावर रात्री समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो माणसे एका क्षणात गप्प होतात. मग कोणाचे काय हरवले, काय सापडले, ते पुकारले जाते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांत आणि एकाच ठिकाणी टाळ वाजतोय! मग चोपदार तिथे जातात, काय झाले विचारतात. ही रोजची रीत आहे. दिवसाचा हिशेब दिवसाच्या शेवटी, सगळ्यांसमोर, आणि मग झोप. शिळा हिशेब दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन चालायचे नाही.

आता उत्तररंग. आज पुराणातले आख्यान लावत नाही. सातारा जिल्ह्यात औंध आहे. यमाईचे ठाणे, पूर्वीचे छोटे संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा. चित्रकार होते, आणि आम्हा कीर्तनकारांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे स्वतः कीर्तन करायचे. राजा गादीवरून उतरतो आणि नारदाच्या गादीवर उभा राहतो!

आता राजा म्हटले की पंगती आल्या, पालखी आली, चालायला लावणारे कोणी नाही. भवानरावांनी तरुणपणी, १८९७च्या सुमारास, सँडो नावाच्या युरोपातल्या बलवान पुरुषाची व्यायामपद्धत धरली. तेव्हा त्याचे जगभर नाव होते. त्याची पुस्तके आणली, साहित्य आणले, आणि दहा-एक वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. सूर्यनमस्काराला यंत्र नको, वजने नकोत. साडेतीन हात जागा पुरे. आणि प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एकेक नाव. मित्र, रवी, सूर्य, भानू, असे करत भास्करापर्यंत बारा. बारा झाले की एक आवर्तन. मोजण्यासाठी वेगळे काही करावेच लागत नाही, नामच मोजते.

पण मला त्यात दुसरी गंमत दिसते. सूर्याला आपण कर्मसाक्षी म्हणतो. आपले काम पाहणारा. तुम्ही उठा न उठा, तो सहाच्या सुमारास येऊन उभा. त्याला “उद्या ये” म्हणता येत नाही. राजाला जाब विचारणारा संस्थानात दुसरा कोण होता? त्याने जो सापडला तो साक्षी धरला.

आणि एवढ्यावर थांबले नाहीत. संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. आता पोरांना रोज नमस्कार घालायला लावणाऱ्या राजाने स्वतः एक दिवस चुकवला तर? पोरे मोठी हुशार असतात हो. ज्या दिवशी राजाने शाळेत नमस्कार सुरू केले, त्या दिवशी त्याने आपल्याभोवती शेकडो चिमुकले चित्रगुप्त बसवून घेतले, असे मी समजतो. राणीसाहेबही नमस्कार घालत. मुलगा अप्पासाहेब पंत, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. राजांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. तेव्हा ते सत्तरीला आले होते. १९५१ साली गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. (आता कोणी घरी जाऊन एकदम शंभर घालू नका. गुडघा आणि रक्तदाब यांची परवानगी घ्या. बारा घाला, तेही दमाने.)

राजाचे झाले, आता आपल्यातल्याचे सांगतो. आमच्या साथीला एक टाळकरी असतात, लालबागचे. त्यांचे नाव सांगत नाही, ते इथेच बसले आहेत आणि मान खाली घालून हसताहेत. दोन वर्षांमागे त्यांचे वजन होते शहाण्णव किलो. साखर वाढलेली. एक दिवस त्यांच्या मंडळींनी पाहिले, की यांच्या तळपायात टाचणी रुतली आहे, मोजा रक्ताने भिजला आहे, आणि यांना पत्ता नाही! पायाची जाणीवच कमी झालेली. मधुमेहात असे होते. कळत नाही म्हणून जखम चिघळते आणि बोट कापण्याची पाळी येते. डॉक्टर म्हणाले, पाय सांभाळा, वजन उतरवा, नाहीतर वारी विसरा. हा माणूस वडिलांबरोबर लहानपणापासून वारीत गेलेला. ‘वारी विसरा’ हा शब्द त्यांना लागला.

त्यांच्याच जिन्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. दोघांनी ठरवले, पहाटे साडेपाचला निघायचे, कामगार मैदानापर्यंत जाऊन यायचे. अट एकच. जो येणार नाही त्याच्या दारात दुसऱ्याने जायचे आणि हाक मारायची. फोन करायचा नाही. फोन बंद करता येतो, दारातला माणूस बंद करता येत नाही. आणि दहा रुपयांची वही आणली, तिला सुतळी बांधली आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगली. तारीख, चालणे झाले की नाही, रात्री आठनंतर खाल्ले की नाही, झोपताना तळपाय पाहिले की नाही. ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’, एवढेच लिहायचे. कारण लिहायचे नाही! हे मला फार आवडले. कारण लिहायला जागा ठेवली की माणूस कादंबरी लिहितो.

वजन फक्त गुरुवारी, सकाळी, काही खाण्याआधी. रोज काट्यावर चढणारा माणूस वेडा होतो. खारट खाल्ले, पाणी साठले, काटा किलोभर वर. पोट साफ झाले, काटा खाली. त्यात चरबीचा संबंध नाही. आपल्या आज्यांना काटा माहीत नव्हता, पण करगोटा माहीत होता. करगोटा रुतायला लागला की कळायचे. आता डॉक्टर फीत लावून सांगतात, आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८०च्या वर जाऊ नये. करगोट्याचीच भाषा आहे ती.

मग काय, महिन्यात वजन झरझर उतरले? छे! पहिल्या महिन्यात एक किलो. मग गणपती आले. लालबागमध्ये गणपतीत चालायला रस्ता कुठला? गर्दीतून घरी पोचले तरी पुष्कळ. शिवाय चिवडा गल्ली दोन पावलांवर, आणि पाहुणे मोदक घेऊन दारात. वहीत अकरा दिवस ‘नाही झाले, नाही झाले’. पुढची दोन पाने तर कोरीच. इथेच सगळ्यांचे नेम मरतात. आपल्याला वाटते, माळ तुटली, आता कशाला? अहो, जपाची माळ तुटली तर मणी वेचून पुन्हा ओवतो की नाही? की जपच सोडून देतो? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते गृहस्थ दारात उभे. म्हणाले, “चल.” अकरा दिवसांचे काही विचारले नाही. यांनी त्याच पानावर, कोऱ्या जागेच्या खाली, तारीख घातली. राहिलेले भरून काढायला दुप्पटही चालले नाहीत. दुप्पट चालणारा तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो.

वर्षभरात आठ किलो उतरले. साखर आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत. त्या डॉक्टरांच्या हातात. यंदा सासवड ते जेजुरी एवढी एक मजल ते पायी चालले, जाड तळव्याचे बूट घालून. कोणी म्हणाले, “वारीत बूट?” मी म्हणतो, ज्याच्या पायाला खडा कळत नाही त्याने अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. पाय देवाचेच आहेत, परत द्यायचे आहेत.

आता त्यांच्यापुढे नवी अडचण आहे, म्हणून हे सगळे आज सांगितले. त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली. शेजारचे ते गृहस्थ गेल्या महिन्यात मुलाकडे बदलापूरला राहायला गेले. दारात हाक मारणारा गेला. सध्या पहाटे पाच वीसला बदलापूरहून फोन येतो. “उठलास?” एवढेच विचारतात आणि ठेवतात. एक वही तिकडे, एक इकडे. पण दोघांनाही ठाऊक आहे, फोन म्हणजे दारातला माणूस नव्हे. गेल्या पंधरवड्यात चार वेळा ‘नाही झाले’ आहे.

तर परळ-लालबागच्या मंडळींनो, या सभेत पहाटे साडेपाचला उठणारे कोणी असेल, तर त्यांनी आरतीनंतर टाळकरीबुवांना भेटावे. ज्यांना स्वतःसाठी कोणी हवा आहे त्यांनी शेजारी बसलेल्याला विचारावे, तुम्ही कुठल्या गल्लीत राहता? सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाई आल्या असतील तर त्यांनीही. आणि पुस्तक वाचत असाल तर ते मिटायच्या आधी घरात नाहीतर जिन्यावर कोणाला तरी मोठ्याने सांगा, किती वाजता आणि कुठपर्यंत.

आज प्रसादाला पेढे नाहीत, चणे-फुटाणे आहेत. एकेक मूठ, माझ्या नव्हे, लहान मुलाच्या हाताची. चला, आरतीला उभे राहू या. गुडघे दुखत असतील त्यांनी भिंतीला धरून उभे राहा, पण उभे राहा.

जय जय रघुवीर समर्थ.